ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय, आतल्या खोलीत बारा जणांत बसल्यावर नेमकं कसं वागायचं?

मृण्मयी_एडिसन

नमस्कार मंडळी, इथे वाचत असते नेहमी पण धागा पहिल्यांदाच काढतेय. न्यू जर्सीत राहते, दीड वर्षापूर्वी सिटिझन झाले आणि गेल्या आठवड्यात पोस्टाने ज्युरीचं (म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी) समन्स आलं, पुढच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी काउंटी कोर्टात हजर व्हायचंय. ऑफिसमधे सगळे म्हणतायत अगं काहीतरी कारण दे आणि सुटून ये, पण मला सुटायचं नाहीये, हे आपलं काम आहे असं मला मनापासून वाटतं. धास्ती आहे ती वेगळीच. निवड झाली आणि क्रिमिनल केस निघाली तर कोर्टात बसून ऐकणं जमेल, पण त्यानंतर ती बंद खोली, बारा अनोळखी माणसं, आणि मधे कुणाचं तरी अख्खं आयुष्य.

माझा स्वभाव भिडस्त आहे. मुलीच्या शाळेच्या मीटिंगमधे सगळे हो म्हणाले की मी पण हो म्हणते आणि घरी येऊन नवऱ्याला सांगते की मला खरं तर पटलं नव्हतं. तिथे असं झालं तर काय, हा विचार आला की पोटात गोळा येतो. अकरा जण एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे असेन तर किती ताणून धरायचं, आणि आपण उगाच हट्ट करतोय की खरंच शंका आहे हे कसं ओळखायचं? रोज घरी आल्यावर नवऱ्याशी बोललं तर चालतं का? आणि आरोपी स्वतः काही बोललाच नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा? माझ्या ॲक्सेंटमुळे लोक ऐकून घेतील का हेही डोक्यात आहेच. ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पावसाळी_सकाळ

अगदी आधी एक सांगते, तुमची अजून निवड झालेली नाही म्हणून हे विचारणं ठीक आहे. ज्या क्षणी निवड होईल त्या क्षणी हा धागा बंद करायचा, उघडायचासुद्धा नाही, आणि केस कशाची आहे हे इथे एका शब्दाने लिहायचं नाही. आम्ही लिहितोय ते बाहेरचं ज्ञान आहे. तिथे जज सांगतील तेच शेवटचं, आमच्या लिहिण्यात आणि त्यांच्या सांगण्यात फरक पडला तर आमचं विसरा.

अनघा_बे_एरिया

पावसाळी म्हणतायत ते शंभर टक्के खरं. आता माझा अनुभव. मी कॅलिफोर्नियात रात्रीच्या मारहाणीच्या एका केसमधे बसले होते, दोन आरोप होते, साक्षीपुरावे सहा दिवस आणि आतली चर्चा जवळजवळ चार दिवस. इकडे काम संपल्यावर ज्युररला (ज्युरीतल्या माणसाला) बोलायची मोकळीक असते, तरी ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

आत गेल्यावर फोन काढून घेतले, आमच्या नोट्सच्या वह्या हातात दिल्या (त्या रोज कोर्टातच ठेवायच्या, घरी न्यायच्या नाहीत) आणि दार बंद. पहिलं काम फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, निवडायचं. एक बाई होत्या, बरीच वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, कुणीतरी त्यांचं नाव घेतलं आणि सगळे हो म्हणाले. लगेच एकजण म्हणाला चला हात वर करू, कोणाला काय वाटतं बघू, झालं तर जेवायच्या आत घरी. त्या बाई म्हणाल्या नाही, आधी जजनी दिलेल्या सूचना मोठ्याने वाचू. आणि त्या सूचनांमधेच होतं की सुरुवातीलाच आपलं मत ठासून सांगू नका, आधी मत जाहीर केलं की मोकळी चर्चा होत नाही. मला तेव्हा ते नुसतं पुस्तकी वाटलं होतं, पण नंतर डोळ्यांनी बघितलं, एकदा माणूस दहा जणांसमोर दोषी म्हणाला की पुढचे दोन दिवस तो पुरावा बघत नाही, स्वतःचा शब्द राखत बसतो. म्हणून मृण्मयी, पहिल्या अर्ध्या तासात कुणी मत मागितलं तर सरळ म्हण की मला अजून ठरवायचंय, आधी पुरावा एकेक करून बघूया. असं म्हणायला भीड वाटायचं काही कारण नाही.

आम्ही टेबलाभोवती क्रमाने बोलायचो, एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. कुणी वॉशरूमला गेलं की चर्चा थांबायची. बारा जण खोलीत असतील तेव्हाच केसबद्दल बोलायचं असा नियम आहे, जेवताना दोघंतिघं कोपऱ्यात बसून हळूच काही ठरवतायत हे चालत नाही. आणि मतदान चिठ्ठीवर घेतलं, हात वर करून नाही, त्यामुळे माझ्यासारख्या गप्प माणसांचा जीव भांड्यात पडला.

आता जे घडलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले, भला माणूस, अतिशय मन लावून काम करणारा, आणि म्हणाले मी काल घरी जाताना त्या जागेवरून गेलो, साक्षीदार जिथे उभा होता म्हणतो तिथून दिव्याच्या खांबापर्यंत मी चालून मोजलं. ते पुढे काही बोलणार इतक्यात बसवाल्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या बस्, पुढे एक अक्षर नको. उठून दारावर टकटक केली, बेलिफला (कोर्टाच्या शिपायाला) बोलावलं, कागदावर चार ओळी लिहून जजकडे पाठवल्या. जजनी त्या गृहस्थांना बोलावलं, मग आमच्यातल्या एकेकाला बोलावून विचारलं की तुम्ही काय ऐकलंत. त्यांना घरी पाठवलं आणि राखीव ज्युररपैकी एक मुलगी आत आली. आणि जज म्हणाले की आता पहिल्यापासून सुरुवात करा, कालची चर्चा झालीच नाही असं समजा. बाईंनी आत येऊन पांढरा बोर्ड पूर्ण पुसला, आदल्या दिवशी आम्ही तारखा, वेळा, कोण कुठे उभं होतं सगळं त्यावर लिहिलं होतं. मला रडू येईल असं वाटलं तेव्हा. पण विचार करा ना, त्या माणसाने रस्ता मोजला तो एकट्याने, वेगळ्या वेळी, वेगळ्या उजेडात, आणि आरोपीच्या वकिलाला त्यावर एक प्रश्न विचारायची संधी नाही. कोर्टात जे ठेवलं गेलं तेवढंच आपलं, बाकी कितीही खरं असलं तरी आत आणायचं नाही, गूगल मॅपसुद्धा नाही.

एकटं पडण्याबद्दल सांगायचं तर मी एका आरोपावर दोघांतली एक होते. दहा जण म्हणत होते की साक्षीदाराने सरळ सांगितलं, तोच होता. मला आठवत होतं की तो थोडा अडखळला होता, पण माझ्या वहीत नीट लिहिलेलं नव्हतं, आणि सगळ्यांची आठवण एक आणि माझी वेगळी म्हटल्यावर मलाच माझी शंका येऊ लागली. शेवटी मी म्हणलं आपण ती साक्ष परत ऐकूया का. त्याची सोय असते, फोरपर्सनने चिठ्ठी पाठवायची, कोर्ट रिपोर्टर घेतलेली साक्ष वाचून दाखवते. तिने एकदम सपाट आवाजात वाचलं, प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. आणि वाक्य होतं, मला वाटतं तोच होता. मला वाटतं! दहा जणांच्या डोक्यातून ते दोन शब्द गळून गेले होते, कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्यानंतर दीड दिवस गेला आणि एका आरोपावर दोषी आणि दुसऱ्यावर नॉट गिल्टी असं एकमत झालं. पहिल्या आरोपावर मीच माझं मत बदललं हेही सांगते, कारण तिथे समोरच्यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवलं आणि ते मला खरंच पटलं.

हट्ट की शंका हे ओळखायची माझी एक साधी पद्धत होती. माझी शंका मला पुराव्याचा कागद नाहीतर साक्षीतलं वाक्य दाखवून सांगता येतेय का? येत असेल तर धरून ठेवायची, अकरा जणांनी उसासे टाकले तरी. आणि नुसतं मी आधी म्हणाले म्हणून धरून ठेवलं असेल तर सोडायची. ॲक्सेंटचं अजिबात मनात आणू नकोस, आमच्यात चार जण बाहेर देशात जन्मलेले होते.

सुधीर_जर्सी

मी न्यू जर्सीचाच, त्यामुळे इकडचं थोडं. आमच्याकडे फोरपर्सन निवडत बसत नाहीत, ज्युरी बॉक्समधल्या पहिल्या सीटवर जो बसलेला असतो तोच होतो, त्यामुळे सीट नंबर एक मिळाली तर घाबरू नका, फोरपर्सनचं मत बाकीच्यांपेक्षा जास्त मोजत नाहीत, त्याने फक्त चर्चा नीट चालवायची आणि निकाल सांगायचा. दुसरं म्हणजे क्रिमिनल केसला बारापेक्षा जास्त जण बसवतात आणि राखीव कोण हे अगदी शेवटी चिठ्ठ्या काढून ठरतं, म्हणून मी काय राखीवच असेन असं समजून कुणी ढिलं बसू शकत नाही, ही पद्धत मला फार आवडली.

आणि अनघाताईंनी जे सांगितलं त्या साक्षीदाराच्या आठवणीबद्दल, त्यावर आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०११ साली हेंडरसन नावाच्या केसमधे मोठा निकाल दिलाय. तेव्हापासून ओळख पटवण्याचा प्रश्न असेल तर जज ज्युरीला मुद्दाम समजावून सांगतात की माणसाची आठवण ही व्हिडिओ रेकॉर्डिंगसारखी नसते, उजेड किती होता, अंतर किती, साक्षीदार किती घाबरलेला होता, गुन्हेगाराच्या हातात शस्त्र असेल तर साक्षीदाराची नजर चेहऱ्याऐवजी शस्त्रावर राहते, माणूस दुसऱ्या वंशाचा असेल तर ओळखण्यात चूक जास्त होते, हे सगळं तपासा. आणि साक्षीदार छातीठोकपणे सांगतोय म्हणून तो बरोबरच असेल असं धरू नका. आपल्याला खात्रीने बोलणाऱ्याचंच खरं वाटतं ना, तिथेच फसतो माणूस.

घरी बोलण्याचं विचारलंत. नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. मी बायकोला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की विचारू नकोस, आणि तिने एकदाही विचारलं नाही. अवघड जातं, कारण दिवसभर जे ऐकलंय ते डोक्यात फिरत असतं आणि बोलायला कुणी नाही. मी रात्री जेवण झालं की एकटा चालायला जायचो.

स्नेहल_ठाणे

मला एक कळत नाहीये, पोलिसांनी पकडलं, सरकारी वकिलांनी केस उभी केली म्हणजे काहीतरी असणारच ना? आणि तो माणूस निर्दोष असेल तर समोर येऊन सांगत का नाही? आपण तर म्हणतोच, मौन म्हणजे संमती.

ॲडव्होकेट_काका

स्नेहल, प्रश्न प्रामाणिक आहे आणि पुष्कळांच्या मनात असतो म्हणून नीट उत्तर देतो. मी मुंबईत सेशन्स कोर्टात तीसेक वर्षं क्रिमिनल बाजूला काम केलं. मौन म्हणजे संमती हे वाक्य घरात ठीक, कोर्टात त्याला जागा नाही. अमेरिकेत तर १९६५ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपी साक्षीला उभा राहिला नाही यावर सरकारी वकिलाने बोट ठेवायचं नाही, आणि १९८१ साली सांगितलं की बचाव पक्षाने मागणी केली तर त्याच्या गप्प राहण्यावरून काही अर्थ काढू नका असं जजने ज्युरीला सांगितलंच पाहिजे. का गप्प राहतो माणूस? मी कितीतरी बघितलेत, बोलायला लागले की घामाघूम होतात, उलटतपासणीत साध्या तारखेला गोंधळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं खोटं बोलतोय. सिद्ध करायचं ओझं सरकारवर आहे, त्याने काहीच सिद्ध करायचं नाही. म्हणून आतल्या खोलीत कुणी म्हणालं की तो बोलला का नाही, तर तिथल्या तिथे थांबवायचं आणि जजची सूचना वाचून दाखवायची.

अजून एक शब्द मला खटकतो. आपल्या पेपरात येतं ना, संशयाचा फायदा देऊन मुक्तता. त्या फायदा शब्दाने असं वाटतं की कोर्टाने मेहरबानी केली. ती मेहरबानी नाही हो, तो हक्क आहे. वाजवी शंका उरली तर निर्दोष म्हणायचं, मनात कितीही वाटो की यानेच केलं असेल.

आता आपल्याकडच्या ज्युरीबद्दल, कारण मृण्मयीला ते उपयोगी पडेल. नानावटी केस सगळ्यांना माहीत आहे, नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा खटला, १९५९, मुंबई, नऊ जणांची ज्युरी, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हणाली. सेशन्स जज मेहतांना तो निकाल पटला नाही, तेव्हाच्या कायद्यात सोय होती तशी त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, हायकोर्टाने दोषी ठरवलं आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. लोक म्हणतात ती भारतातली शेवटची ज्युरी केस, तसं नाही, काही ठिकाणी पुढेही ज्युरी चालू होती, १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत ती पूर्ण गेली. त्या केसमधे बाहेर गर्दी होती, पेपरांनी बाजू घेतली होती, त्यावर सगळेच बोलतात. पण वरच्या कोर्टाने हेही म्हटलं की कायदा समजावून सांगताना सेशन्स कोर्टातच चुका झाल्या होत्या, हे कमी लोक सांगतात. त्यातून मृण्मयीने एवढं घ्यावं की कायद्याचा एखादा शब्द कळला नाही, आरोपाचे भाग नेमके कुठले ते कळलं नाही, तर खोलीत अंदाज बांधत बसायचं नाही आणि तुमच्यातला कुणी हुशार माणूस सांगेल तेही घ्यायचं नाही. चिठ्ठी लिहून जजला विचारायचं. त्यात कमीपणा नाही.

आणि मला त्या आठांपेक्षा त्या एकाबद्दल नेहमी वाटत आलंय. बाहेर अख्खं शहर एका बाजूला असताना त्या खोलीत तो माणूस काय म्हणाला असेल, कसा बसला असेल.

तसंच १९०८ चं. टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, मुंबई हायकोर्टात, जस्टिस दावर. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, लेख मराठीतले आणि ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, दिवसेंदिवस बोलत होते. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. २२ जुलैची रात्र होती, दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, असं ते जे म्हणाले ते आज हायकोर्टात त्या कोर्टरूमच्या बाहेर संगमरवरात कोरलेलं आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा रोज त्याच्यासमोरून जायचो. तेव्हाच्या आपल्या ज्युरीला एकमताची सक्ती नव्हती, त्या दोघांचं मत मोजलं गेलं आणि बाजूला पडलं. तुमच्याकडे बाराच्या बारा लागतात, म्हणजे तुमचं एक मत बाजूला टाकून कुणाला पुढे जाता येत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे मुली, आणि जड पण आहे.

सुधीर_जर्सी

काकांनी सांगितलं त्यात भर, इथेसुद्धा हे सगळीकडे नव्हतं. लुइझियाना आणि ऑरेगन या दोन राज्यांत अगदी आता आतापर्यंत दहा विरुद्ध दोनवर माणसाला दोषी ठरवता यायचं. लुइझियानातला तो नियम १८९८ च्या राज्यघटनेतून आलेला, काळ्या ज्युररचं मत निरुपयोगी करायला. २०२० साली रामोस केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गंभीर गुन्ह्यात एकमत पाहिजेच, कुठलंही राज्य असो.

लेस्टरचा_मिलिंद

मी इंग्लंडमधून. दोन वेळा ज्युरीवर बसलोय आणि आतलं एक वाक्यसुद्धा सांगू शकत नाही, आज नाही आणि वीस वर्षांनीही नाही. इथे आतल्या चर्चेत कोण काय म्हणालं, कोणी कसं मत दिलं हे बाहेर सांगणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला चालू असताना ज्युररने स्वतः इंटरनेटवर शोधाशोध केली तरी तेच, २०१५ च्या कायद्याने तो सरळ गुन्हाच केलाय, आणि त्याआधीसुद्धा कोर्टाच्या अवमानाखाली ज्युरर तुरुंगात गेलेत, एका बाईंनी तर आरोपीशीच फेसबुकवर बोलणं केलं होतं, आठ महिने झाले.

पब्लिक रेकॉर्डवर आहे ते सांगतो. १९९४ साली दोन खुनांची केस होती, ज्युरीला रात्री ब्रायटनच्या हॉटेलात ठेवलं होतं, तिथे चार ज्युररनी रात्री प्लँचेट केलं. आपल्याकडे करतात तसंच, ग्लास आणि अक्षरांचे कागद. मेलेल्या माणसाला विचारलं तुला कोणी मारलं. दुसऱ्या दिवशी निकाल दिला दोषी. पुढे एका ज्युररने हे बाहेर काढलं आणि अपील कोर्टाने शिक्षा रद्द करून नव्याने खटला चालवायला लावला. कोर्टाने म्हटलं की ज्युरीच्या खोलीत काय झालं ते आम्ही विचारू शकत नाही, पण हॉटेल म्हणजे ज्युरीची खोली नव्हे. नव्या खटल्यातही तो दोषीच ठरला. पण ज्यांची माणसं गेली त्या कुटुंबाला सगळं परत एकदा ऐकावं लागलं हो, याचा विचार कर.

आमच्याकडे पहिल्यांदा एकमतच मागतात, नाहीच झालं तर निदान दोन तास गेल्यावर जज दहा विरुद्ध दोन चालेल असं सांगू शकतात. आणि ज्युरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा होऊ शकत नाही हे १६७० सालापासून आहे. विल्यम पेन आणि विल्यम मीड यांचा खटला, ज्युरी दोषी म्हणेना म्हणून त्यांना अन्नपाण्याशिवाय, शेकोटीशिवाय कोंडून ठेवलं, तरी त्यांनी ऐकलं नाही, मग दंड केला. बुशेल नावाच्या ज्युररने दंड भरायला नकार दिला, तुरुंगात बसला, आणि शेवटी चीफ जस्टिस व्हॉन यांनी सांगितलं की निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात त्या ज्युरीच्या नावाची पाटी आहे, मी मुद्दाम जाऊन बघून आलो. मृण्मयीताई, तुम्ही भिडेचं लिहिलंत म्हणून हे आठवलं. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. ती माणसं दोन रात्री उपाशी बसली होती, तुम्हाला तर दुपारी जेवायला सोडतील.

पावसाळी_सकाळ

एक राहिलं. खोलीत कुणी आरोपीच्या नाहीतर साक्षीदाराच्या वंशावरून, देशावरून काही बोललं तर. कोलोराडोतली केस आहे, निकाल लागून गेल्यावर दोन ज्युररनी वकिलाला सांगितलं की एकजण आत म्हणत होता, मेक्सिकन आहे ना, मग केलंच असेल. एरवी आतल्या चर्चेवरून निकाल उकरून काढता येत नाही, ज्युरर दारू पिऊन बसले होते असा आरोप होता त्या १९८७ च्या केसमधेही सुप्रीम कोर्टाने ज्युररच्या साक्षी घ्यायला नकार दिला होता, पण २०१७ साली वंशद्वेषासाठी त्यांनी दार उघडलं. पाच विरुद्ध तीन. मला त्यात सारखं वाटतं की ते दोघं तेव्हाच बोलले असते तर, तेव्हाच चिठ्ठी गेली असती तर. नंतर सांगितलं म्हणून आरोपीला त्यासाठी अनेक वर्षं कोर्टात भांडावं लागलं. म्हणून असं काही कानावर पडलं तर त्याच दिवशी फोरपर्सनला सांगायचं, फोरपर्सनच तसा बोलत असेल तर स्वतः जजला चिठ्ठी लिहायची, कुठलाही ज्युरर लिहू शकतो. फक्त चिठ्ठीत मतं किती इकडे किती तिकडे हे लिहायचं नाही.

मृण्मयी_एडिसन

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे दोनदा वाचलं. एक शेवटचं विचारते, एकमत नाहीच झालं तर? जज रागावतात का, दुसऱ्यांदा खटला होणार आणि सरकारचा खर्च आपल्यामुळे, असं?

ॲडव्होकेट_काका

अमेरिकेत १८९६ च्या ॲलन केसपासून एक पद्धत आहे, ज्युरी अडकली की जज सांगतात परत जा, आणि कमी मतं असलेल्यांनी आपलं मत वाजवी आहे का याचा पुन्हा विचार करावा. त्याने एकट्या पडलेल्या माणसावर दडपण येतं म्हणून कितीतरी राज्यांनी ते सोडलं, तुमच्या न्यू जर्सीनेही १९८० सालीच सोडलं. आता सगळ्यांनाच सांगतात की एकमेकांचं ऐका, चूक वाटली तर मत बदला, पण केवळ निकाल लागावा म्हणून आपलं प्रामाणिक मत सोडू नका. तरी नाहीच झालं तर नाही झालं. खर्चाचा हिशोब तुमचा नाही, शिक्षा किती होईल हाही तुमचा नाही. तुमच्यासमोर प्रश्न एवढाच की सिद्ध झालं का.

मृण्मयी_एडिसन

परत आले, सात आठवडे होऊन गेले. निवड झाली होती, केस क्रिमिनलच निघाली, म्हणून हा धागा उघडलाच नव्हता. परवा संपलं. बाकीच्यांनी आत काय म्हटलं ते मी लिहिणार नाही, कायद्याने बंदी नसली तरी, आम्ही शेवटच्या दिवशी आपापसात तसं ठरवलं. माझ्यापुरतं लिहिते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं म्हणणं एकटीचं होतं. मी अनघाताईंसारखं म्हणलं की मला ती साक्ष पुन्हा ऐकायचीये, आवाज थरथरत होता पण म्हणलं. एकाने घड्याळ बघितलं, तरी चिठ्ठी गेली. ऐकल्यावर कळलं की मीच एक वेळ चुकीची धरून बसले होते, बाकीच्यांचं बरोबर होतं. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. पण त्याच साक्षीत दुसरं एक वाक्य निघालं जे कुणालाच आठवत नव्हतं आणि त्यावर आम्ही पूर्ण सकाळ घालवली.

निकाल वाचल्यावर कोर्टात प्रत्येकाला नंबरने विचारतात की हा तुमचा निकाल आहे का. माझा नंबर नववा होता. आठ वेळा येस ऐकलं आणि त्या वेळात मी मनात एकदा तपासून घेतलं की मी भिडेने म्हणतेय का. नव्हते म्हणत.

काका, डिसेंबरात मुंबईला येतेय, लेक बारा वर्षांची आहे. तो टिळकांचा फलक तिला दाखवायचाय, बाहेरच्या माणसांना आत सोडतात का?

ॲडव्होकेट_काका

या ना, जरूर या. ओळखपत्र जवळ ठेवा, गेटवर नोंद करावी लागते. नाताळच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं, म्हणून महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत कामाच्या दिवशी सकाळी या, मी स्वतः घेऊन जाईन. निरोपात फोन नंबर पाठवतो.